वाचकांचे प्रश्न : बॅलेचे शब्द आणि पायाची वाट

मागच्या अंकात बॅलेची एका पानाची ओळख छापली होती. त्यावर कोल्हापुरातून आणि आसपासच्या गावांतून पत्रं आली, बरीचशी पालकांची. मुलं ऑनलाइन वर्गात किंवा सुट्टीतल्या शिबिरात शिकतात आणि घरी सरावाला उभी राहिली की शब्दांवर अडतात. नृत्यशिक्षक आणि खेळाडूंबरोबर काम करणारे फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, ऑनलाइन शिकते. बाई 'बातमां तांद्यू आं क्रुआ' असं काहीतरी म्हणतात आणि पोरगी माझ्या तोंडाकडं बघत उभी राहते. मला यातलं काही येत नाही. यादी करून पाठ करून घेतली तर चालेल का? (एक आई, शिवाजी पेठ)

उत्तर : नुसती यादी पाठ करून उपयोग नाही. आज्ञा कशी जुळते ते एकदा कळलं की निम्मे शब्द आपोआप उलगडतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं 1661 मध्ये पॅरिसला नृत्याची राजेशाही अकादमी काढली आणि त्याच्या दरबारातले नृत्यगुरू पिएर बोशां यांनी पायांच्या पाच स्थिती बांधून दिल्या. तेव्हापासून वर्ग कुठल्याही देशात असो, हाक फ्रेंचमध्येच येते.

आज्ञेत तीन गोष्टी असतात : काय करायचं, कुठल्या दिशेला, आणि केवढं. बातमां म्हणजे पाय उघडून परत मिटणं. तांद्यू म्हणजे ताणलेला. दव्हां पुढं, देरिएर मागं, आ ला सगोंद बाजूला. आं क्रुआ म्हटलं की क्रूसाच्या आकारात, म्हणजे पुढं, बाजूला, मागं आणि पुन्हा बाजूला. दमी अर्धं, ग्रां मोठं. आ तेर म्हणजे पाय जमिनीवर, आं लेर म्हणजे हवेत. आं दऑर बाहेरच्या अंगानं, आं ददां आतल्या अंगानं. आता बाई 'रों द जांब आ तेर आं दऑर' म्हणाल्या, तर पाय जमिनीवरून न उचलता पुढून बाजूला आणि बाजूहून मागं अर्धवर्तुळ काढत न्यायचा. आं ददां म्हटलं की तेच उलटं, मागून पुढं.

याच्या मुळाशी सात क्रिया आहेत : वाकणं, ताणणं, उंचावणं, सरकणं, उडी मारणं, झेपावणं आणि वळणं. पुढचं मोठ्यातलं मोठं पाऊल यांच्याच जोडणीतून होतं. म्हणून शब्द शिकवताना फोटो दाखवू नका. फोटोत पाय शेवटी जिथं पोचला ती जागा दिसते. शब्द मात्र तिथवर जायची वाट सांगतो आणि बॅलेत गुण त्या वाटेला असतात. घरी असं करा : तुम्ही हळू आवाजात आज्ञा म्हणा, तिनं आधी नुसत्या हाताच्या पंजानं ती वाट हवेत दाखवावी, मग पायानं करावी. हात अडखळला तर शब्द कळलेला नाही. हात बरोबर गेला आणि पाय अडखळला, तर शब्द आलाय, सराव कमी आहे. आठवड्याला चार शब्द भरपूर झाले.

प्रश्न : पहिल्या स्थितीत पाय एका सरळ रेषेत यायला हवेत ना? माझ्या मुलीचे येत नाहीत. ती जोर लावून फिरवते आणि नंतर गुडघा धरून बसते. शिबिरात तिला बेडकासारखं पालथं झोपवून वरून दाबलं, त्यानंही फरक नाही. (एक पालक, ताराबाई पार्क)

उत्तर : दाबणं आजपासून बंद करा. गुडघा दुखतोय तोवर टर्नआउटचा, म्हणजे पाय बाहेरच्या अंगाला फिरवण्याचा, सरावही बंद, आणि आठवड्याभरात दुखणं थांबलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पाच स्थिती म्हणजे पावलांच्या जागा, अंशांची परीक्षा नव्हे. पहिलीत टाचा जुळलेल्या, बोटं बाहेर. दुसरीत तेच पाय, मध्ये साधारण एका पावलाचं अंतर. तिसरीत पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या मध्यावर टेकलेली. चौथीत एक पाय दुसऱ्याच्या पुढं, पाऊलभर अंतरानं. पाचवीत दोन्ही पावलं चिकटून, पुढच्याची टाच मागच्याच्या बोटांशी. यातल्या कुठल्याही स्थितीत पाय किती उघडायचे हे तिच्या खुब्यांनी ठरवायचं.

टर्नआउट खुब्यातून येतो. मांडीच्या हाडाचं डोकं खोबणीत बाहेर फिरतं आणि ते फिरवणारे लहान स्नायू नितंबाच्या मोठ्या स्नायूखाली खोल बसलेले असतात. खोबणी कितपत खोल, तिचं तोंड कुठल्या दिशेला, मांडीच्या हाडाला पीळ किती, यावर मर्यादा ठरते आणि हाडाची मर्यादा दाबून बदलत नाही. बहुतेकांच्या एका खुब्यात बाहेरची फिरकी 40 ते 50 अंशांच्या आसपास असते. म्हणजे दोन्ही मिळून साधारण काटकोन. पोटरी आणि घोट्यातून थोडी भर पडते, पण सरळ रेषा फार थोड्यांना मिळते.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर मुलीला पालथं झोपवा, पाय जुळलेले. एक गुडघा काटकोनात वाकवा म्हणजे पोटरी छताकडं उभी राहील. आता ती पोटरी दुसऱ्या पायाच्या बाजूला सावकाश कलू द्या. कंबर उचलली जायच्या क्षणी थांबा. उभ्या रेषेपासून पोटरी जितकी कलली तितकी त्या खुब्याची बाहेरची फिरकी. दोन्ही बाजू वेगळ्या निघाल्या तर घाबरू नका, पण कमी बाजूच्या मापानं दोन्ही पाय ठेवा.

दुसरी चाचणी उभ्यानं. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर, खिडकीच्या कठड्याला हलका हात लावून तिनं पाय समांतर ठेवावेत, गुडघे सरळ करावेत आणि फक्त मांड्या बाहेर फिरवाव्यात. पावलं जिथं थांबतील ती तिची खरी पहिली स्थिती. मोज्यामुळं पावलाला फरशी पकडता येत नाही, म्हणून ही चाचणी खोटं बोलत नाही. अनवाणी किंवा रबरी तळाच्या बुटात मुलं गुडघे वाकवतात, पावलं हवी तितकी उघडून जमिनीला रोवतात आणि मग गुडघे सरळ करतात. त्या वेळी पीळ गुडघ्याला बसतो, आणि गुडघा मुळात बिजागरीचा सांधा आहे. तुमच्या मुलीचं दुखणं बहुधा इथलंच असावं.

जोरानं आणलेला टर्नआउट ओळखायला ओळंबा पुरतो. दोऱ्याला एखादा नट बांधा, तिला दमी-प्लिएमध्ये (टाचा न उचलता गुडघे अर्धे वाकवून) उभी करा आणि गुडघ्याच्या वाटीच्या मध्यातून दोरा सोडा. नट दुसऱ्या बोटाच्या आसपास यावा. अंगठ्याच्या आत पडला तर पावलं खुब्याच्या पुढं गेलीत. सोबत पावलाची कमान सपाट होते, अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो आणि कमरेत खोलगट बाक पडतो. ताकद वाढवायला कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा जुळवलेल्या ठेवत वरचा गुडघा उचलायचा. 12 वेळा, दोन फेऱ्या, कंबर मागं कलंडू न देता. यानं फिरकीची मर्यादा वाढणार नाही. आहे ती फिरकी पाय हलत असताना टिकवता येईल, आणि नाचताना कामाला येते ती तेवढीच.

प्रश्न : मी पेठेतल्या तालमीच्या संघातनं फुटबॉल खेळतो. उजवा घोटा दोनदा मुरगळलाय. बहीण म्हणते तिच्या क्लासमधलं प्लिए आणि रेलेव्हे कर. बैठका मी लहानपणापासनं मारतोय, मग प्लिएत वेगळं काय? (एक खेळाडू, मंगळवार पेठ)

उत्तर : वेगळं बरंच आहे आणि दोन्ही आपापल्या जागी चांगलं आहे. बैठकीत धड पुढं झुकतं, हात झुलतात, खाली जाताना टाचा उचलतात आणि वेग असतो. प्लिएत धड उभ्या रेषेतच खाली उतरतं आणि गुडघे बोटांच्या दिशेलाच उघडतात. दमी-प्लिएत टाच जमिनीवरच राहते. टाच सुटायच्या अगदी आधी जिथं पोटरीच्या खाली ताण लागतो, तो तुमच्या दमी-प्लिएचा तळ. ग्रां-प्लिएत टाचा सुटतात, पण शक्य तितक्या उशिरा, आणि वर येताना सगळ्यात आधी त्या टेकतात. दुसऱ्या स्थितीत मात्र ग्रां-प्लिएतही टाचा उचलायच्या नाहीत. खाली जायला जितक्या मात्रा, वर यायला तितक्याच. तळाशी बसकण मारली की स्नायू सैल पडतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो, म्हणून तळाला न थांबता तिथूनच परतायचं.

तुमच्या घोट्यासाठी रेलेव्हे, म्हणजे चवड्यावर वर उठणं, जास्त महत्त्वाचं, आणि तुम्ही ते पाय समांतर ठेवूनच करा. मैदानात तुम्ही समांतर पायांनी धावता, टर्नआउटचा तिथं उपयोग नाही. दोन मात्रांत चवड्यावर वर, दोन मात्रा थांबा, चार मात्रांत खाली. भार अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी हवा. करंगळीकडं कलला तर घोटा बाहेर पडतो, आणि मुरगळताना तो बहुतेक वेळा त्याच दिशेला जातो. चुकीचं रेलेव्हे केलंत तर मुरगळण्याचीच तालीम होईल, म्हणून पहिले काही दिवस आरशासमोर, घोट्याकडं मागून कुणाला तरी बघायला सांगून करा. आधी दोन्ही पायांवर 15-15 च्या दोन फेऱ्या, जमलं की एका पायावर. डाव्या पायावर सलग 20 होतात आणि उजव्यावर बाराव्यालाच उंची कमी होते, असं असेल तर उजवा अजून सामन्याला तयार नाही. जोडीला एका पायावर 30 सेकंद तोल, आधी डोळे उघडे, मग मिटून. सूज अजून असेल तर आधी फिजिओला दाखवा.

प्रश्न : सहा वर्षं भरतनाट्यम् शिकते आहे. अरमंडी पक्की आहे. बॅले सुरू केलं तर दोन्ही बिघडेल का? (विद्यार्थिनी, सांगली रोड, इचलकरंजी)

उत्तर : बिघडणार नाही, पण शरीराला दोन वेगळे नियम शिकवावे लागतील. अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर उघडण्याची सवय तुम्हाला आहे, ती थेट कामी येते. फरक असा की अरमंडीत तुम्ही मुक्काम करता, अख्खा अडवू (हालचालींचा मूळ तुकडा) त्याच उंचीवर होतो. प्लिएत मुक्काम नसतो, उडीच्या आधी, उडीनंतर, वळण्याआधी त्यातून फक्त जायचं असतं. भरतनाट्यम् शिकलेल्या मुली प्लिएच्या तळाशी थांबतात आणि उडी मरते. दुसरी गोष्ट पावलाची : तट्ट अडवूत तळवा सपाट आपटतो, बॅलेत पाय जमिनीवरून सुटताना टाच, चवडा, बोटं या क्रमानं आणि टेकताना उलट क्रमानं यायला हवा. आपटायची सवय बॅलेच्या उडीत आणलीत तर नडगी दुखेल. दोन्हीचा सराव एकाच तासात मिसळू नका. रुक्मिणीदेवी अरुंडेल प्रसिद्ध रशियन बॅले नर्तकी आना पाव्हलोव्हाच्या संचातल्या क्लिओ नॉर्दी यांच्याकडं बॅले शिकल्या होत्या आणि त्यानंतर भरतनाट्यम् त्यांनी किती उंचीवर नेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : एका ठिकाणी देगाजे, दुसऱ्या ठिकाणी ग्लिसे, रशियन व्हिडिओत बातमां तांद्यू जते. तिन्हीत पाय सारखाच जाताना दिसतो. बरोबर शब्द कोणता? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : तिन्ही बरोबर. देगाजे हे इटालियन नृत्यगुरू चेकेत्ती यांच्या पद्धतीतलं नाव, ग्लिसे 1920 मध्ये लंडनला सुरू झालेल्या रॉयल अकादमी ऑफ डान्सच्या पद्धतीतलं, आणि तिसरं रशियन, वागानोव्हा पद्धतीतलं. परीक्षा ज्या पद्धतीची देणार तिचा शब्द धरा. तुमच्या प्रश्नात त्याहून कामाची गोष्ट दडलेली आहे : ही तिन्ही पावलं तांद्यूवरच उभी आहेत, आणि तांद्यू कच्चं असेल तर नाव कुठलंही घेतलं तरी फरक पडत नाही.

तांद्यू पुढच्या बाजूला असं जातं. पाचव्या किंवा पहिल्या स्थितीतून पूर्ण तळवा जमिनीला दाबत सरकायला लागतो. पुढं टाच निघते, म्हणजे टाच आघाडीला आणि बोटं तिच्या मागून. थोडं अंतर गेल्यावर टाच सुटते, चवडा अजून जमिनीवर. मग चवडाही सुटतो आणि लांब ताणलेल्या बोटांची टोकं तेवढी टेकलेली राहतात. परतताना बोटं आघाडी घेतात, चवडा टेकतो आणि टाच शेवटी आत येते. मागं जाताना उलटं : बोटं आधी निघतात, परतताना टाच आधी येते. एवढा नियम पाळला तर टर्नआउट दोन्ही वाटांवर टिकतो. दोन्ही गुडघे सगळा वेळ सरळ. पाचवीत परतताना जागा होत नाही म्हणून गुडघा किंचित सोडायची सवय फार मुलांना असते. ती लागली की पुढं देगाजेच्या वेगात पाय मिटतच नाही.

बिघडतं ते चार ठिकाणी. बोटं आत मुडपतात, ती ताणलेली लांब हवीत. पाऊल आतल्या बाजूला विळ्याच्या आकारात वळतं, म्हणजे नडगीची रेषा दुसऱ्या बोटापर्यंत सरळ जात नाही. बाजूच्या तांद्यूत कंबर वर चढते. आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक, सरकवलेल्या पायावर भार जातो. तपासायला सोपं आहे : पाय पुढं ताणून झाला की धड न हलवता बोटं जमिनीपासून सेंटीमीटरभर उचला. सहज उचलली तर भार उभ्या पायावर आहे. शरीर मागं डुललं तर तुम्ही दोन्ही पायांवर उभ्या होतात. देगाजे म्हणजे हीच वाट, फक्त जास्त जोरात, त्या जोरानं बोटं जमिनीपासून थोडी सुटतात. मुद्दाम पाय उचलला तर ते देगाजे नव्हे. ग्रां बातमांसुद्धा याच वाटेनं वर जातं. फोटोत पाय डोक्याशी दिसतो, पण तो जमीन घासत निघाला की मांडीनं उचलला, हे फोटो सांगत नाही.

प्रश्न : हात डोक्यावर गोल नेले की आमच्या मॅडम तिसरी स्थिती म्हणतात, व्हिडिओत पाचवी म्हणतात. (वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : मॅडम रशियन पद्धतीनं शिकवतात. तिथं हातांची तयारीची एक आणि मुख्य तीन स्थिती आहेत, आणि वर नेलेले हात तिसरे. चेकेत्ती आणि रॉयल अकादमीत तेच पाचवे. हात कुठल्याही आकड्याचे असोत, नजर न उचलता हातांच्या कडा जेमतेम दिसायला हव्यात. त्याहून मागं गेले की बरगड्या पुढं येतात आणि तोल जातो. खांदे वर चढलेले नकोत, कोपर बाजूला उघडं.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. सिसोन, जते, आसांब्ले यांत गोंधळतो. शिवाय सराव घराच्या हॉलमध्ये, फरशीवर. उड्या मारल्या की नडग्या दुखतात. (एक वडील, कसबा बावडा)

उत्तर : उडीचं नाव हवेतल्या आकारावरून शोधू नका. कुठल्या पायावरून निघाला आणि कुठल्या पायावर उतरला एवढंच बघा. दोनावरून दोनांवर : सोते, पाय बदलला तर शांजमां, पाचवीतून दुसरीत उघडला तर एशापे. दोनावरून एकावर : सिसोन. एकावरून दोनांवर : आसांब्ले. एकावरून दुसऱ्यावर : जते. एकावरून त्याच पायावर : तां लव्हे. आसांब्लेत मुलं फसतात कारण सुरुवात पाचवीतून, दोन्ही पायांवर दिसते. पण एक पाय घासत बाहेर निघून जातो आणि ढकलतो तो उरलेला एकटा पाय, म्हणून ती एकावरून दोनांवरची उडी. बाहेर गेलेला पाय हवेतच दुसऱ्याला येऊन मिळायला हवा. जमिनीवर येऊन जुळला तर आसांब्ले झालंच नाही. ग्लिसाद आणि पा द बुरे ही जोडपावलं आहेत, मोठ्या उडीआधी वेग आणि भार नेऊन द्यायला.

उतरताना बोटं, चवडा, टाच आणि लगेच दमी-प्लिए. टाच खाली येत नसेल तर पोटरी प्रत्येक उडीला आखडलेलीच राहते आणि दुखणं नडगीच्या आतल्या कडेला सुरू होतं. बाजूच्या खोलीतून ऐका. धप्प असा आवाज येत असेल तर पाऊल क्रमानं उतरत नाही. पहिल्या महिन्यात बार (आधाराचा आडवा दांडा) धरून पहिल्या स्थितीतली 16 सोते, एवढंच.

आता फरशीचं. शहाबादी, कडाप्पा, ग्रॅनाइट, टाइल, वरून काही असलं तरी खाली काँक्रीट आहे आणि ते जराही दबत नाही. योगासनाची पातळ चटई अंथरू नका : धक्का कमी होत नाही, उलट वळताना पाऊल चिकटतं आणि गुडघा पिळतो. तात्पुरती लाकडी जमीन करून घेता येते. दाट फोमचे साधारण 5 सेंमी चौकोनी, तितकेच जाड ठोकळे 30 सेंमी अंतरानं, त्यावर प्लायवूडचे दोन थर, प्रत्येक किमान 12 मिमी, खालच्या थराचे सांधे वरच्या थराच्या सांध्यांखाली न येतील असे. दोन्ही थर स्क्रूनं एकमेकांना जखडा, स्क्रूची टोकं खाली निघता कामा नयेत. वर न घसरणारी व्हिनाइलची शीट. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लाय फुगतो, म्हणून भिंतीपासून चारी बाजूंनी बोटभर फट सोडा आणि कडा सील करून घ्या. दोन मीटर बाय दोन मीटरवर लहान उड्या होतात. ग्रां जते त्यावर नको, त्याला पळायला जागा लागते. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, तर मात्र उड्या थांबवून डॉक्टरांकडं न्या.

प्रश्न : पिरुएतमध्ये चक्कर येते आणि मी मागं पडते. किती दिवसांत जाईल? (विद्यार्थिनी, शाहूपुरी)

उत्तर : पिरुएत म्हणजे एका पायावरची गिरकी. त्यातली चक्कर आणि मागं पडणं या दोन वेगळ्या चुका आहेत. चक्कर डोकं शरीराबरोबर फिरतं म्हणून येते. समोर डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर खूण करा. शरीर वळायला लागलं तरी नजर खुणेवरच. मान आणखी वळेनाशी झाली की डोकं झटक्यात फिरून शरीराच्या आधी पुन्हा खुणेवर यायला हवं. आधी जागेवर, दोन्ही पायांवर छोटी पावलं टाकत हळूहळू वळून नुसत्या डोक्याचा सराव करा.

मागं पडणं सुरुवातीच्या भारामुळं होतं. चौथ्या स्थितीत मागच्या पायावर भार ठेवून ढकललंत, तर रेलेव्हे सरळ वर न जाता मागं जातं. भार पुढच्या पायावर घ्या. वर जाणं आधी, वळणं नंतर. दुसऱ्या पायाची बोटं पहिल्याच क्षणी गुडघ्याशी पोचायला हवीत, या स्थितीला रतिरे म्हणतात. हात आधी मागं ओढून जोर घ्यायचा नाही, त्यानं धड पिळतं. रतिरेमध्ये न वळता चार मात्रा उभं राहता येत नसेल तर वळू नका. येत असेल तर पाव वळण, अर्धं, मग पूर्ण. डाव्या पायावर उभं राहून उजवीकडं वळलात तर आं दऑर, डावीकडं वळलात तर आं ददां.

'स्वान लेक' या बॅलेच्या 1895 च्या प्रयोगात पिएरिना लेन्यानी यांनी सलग 32 फ्वेते (दुसरा पाय झटकत घेतलेल्या गिरक्या) घेतले होते. त्यातसुद्धा दर फेरीला उभा पाय दमी-प्लिएत येतो, दुसरा बाजूला उघडून रतिरेत मिटतो आणि त्या उघडझापीतून वेग मिळतो. पाया तोच, रतिरे आणि प्लिए.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला ऑनलाइन पॉइंट शू मागवावेत का? थोडे मोठे घेतले तर दोन वर्षं चालतील. (एक पालक, नागाळा पार्क)

उत्तर : मागवू नका. पॉइंट शू म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायचे टणक शू. ते सर्वसाधारणपणे बारा वर्षांच्या आधी नको, आणि नियमित शिक्षणाची काही वर्षं झाल्याशिवाय बाराव्या वर्षीही नको. या वयात पावलाची हाडं अजून वाढत असतात. शिक्षक बघतात ते असं : पाय ताणल्यावर पावलाचा वरचा भाग नडगीच्या रेषेत येतो का, एका पायावर गुडघा सरळ ठेवून रेलेव्हे सलग होतात का, रतिरेत तोल टिकतो का.

शूचं म्हणाल, तर पुढचा टणक डबा कापड आणि कागदाचे थर खळीनं चिकटवून केलेला असतो, तळात कडक पट्टी असते तिला शँक म्हणतात, आणि टोकाच्या सपाट भागावर उभं राहायचं असतं. मोठ्या मापात बोटं डब्यात घसरून सगळा भार अंगठ्याच्या नखावर येतो. कोल्हापुरी चप्पल घालत घालत पायाला बसते, पॉइंट शूचं उलटं आहे : मऊ पडला की तो संपला, आणि मऊ शूवर उभं राहणं धोक्याचं. वेळ येईल तेव्हा माप माणसानं समोर बसून घ्यायला हवं, चपलेच्या नंबरावरून नाही. पावसाळ्यात घामट शू प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर खळ ओली राहून डबा लवकर बसतो, तो वाऱ्यावर वाळवायचा. या वाढदिवसाला मापाचे मऊ कॅनव्हासचे शू घ्या.

प्रश्न : घरी बार बसवायचा आहे. उंची किती? आणि बारवर काय क्रमानं करायचं? (वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : मोठ्यांसाठी साधारण 105 सेंमी, आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी 80 ते 85. नेमकं माप अंगावर घ्या : हात शरीराच्या किंचित पुढं बारवर टेकल्यावर कोपर सैल खाली हवं आणि खांदा चढलेला नको. पाइप 4 ते 5 सेंमी जाडीचा, भिंतीपासून निदान 20 सेंमी दूर, आणि ब्रॅकेट विटेत पक्के. नुसत्या गिलाव्यात बसवले तर ग्रां बातमांच्या वेळी उखडतात. खुर्चीची पाठ वापरत असाल तर खुर्चीवर जड काहीतरी ठेवा. बार मुठीत आवळायचा नाही, बोटं वरून ठेवायची. अंगठाही वरच.

क्रम साधारण असा : प्लिए, तांद्यू, देगाजे, रों द जांब, फोंद्यू (उभा पाय वाकवून सावकाश उठणं), फ्रापे (पाय झटक्यात बाहेर मारणं), मग सावकाश उलगडणारं देव्हलोपे, शेवटी ग्रां बातमां. आधी घोटा आणि पाऊल तापतं, मग खुबा, आणि पाय उंच फेकणं सगळ्यात शेवटी. प्रत्येक व्यायाम एका बाजूनं झाला की वळून दुसऱ्या बाजूनं, आणि वळायचं ते बारच्या दिशेनं.